ऐंशी शिलिंगांचा पेला

एडिंबरो शहरात दोन भव्य सभागृहे आहेत. अशर हॉल १९१४ साली उघडला. त्यासाठी अँड्र्यू अशर या व्हिस्कीच्या व्यापाऱ्याने १ लाख पौंड देऊन ठेवले होते. विद्यापीठाचा मॅकइवान हॉल त्याहून जुना, १८९७ सालचा. त्याचा दाता विल्यम मॅकइवान हा बिअरचा मोठा कारखानदार. एकात गाण्याबजावण्याच्या मैफली होतात, दुसऱ्यात पदवीदान होते. विद्या आणि कला या दोघींचे छत मद्याच्या पैशांनी उभे राहिले, याचे त्या शहराला काही वाटत नाही. आपल्याकडेही दरबारचा पैसा कुठून येतो हे गवयाने कधी विचारले नव्हते, तेव्हा आपणही ते विचारू नये हे बरे.

आपल्या जुन्या सरदार घराण्यांना स्कॉटलंडची व्हिस्की काही अनोळखी नाही. कपाटातील बाटली पाहुण्यांसाठी असे, आणि पाहुणे वारंवार येत! परंतु त्याच देशाच्या बिअरला स्वतःचे एक घराणे आहे, तिची चीज वेगळी आणि ती पारखण्याची रीतही वेगळी, हे फारसे कोणाच्या कानावर नसेल. माझ्याही नव्हते. एका जुन्या शिष्याच्या आग्रहावरून एडिंबरोस महिनाभर मुक्काम घडला. त्याचे शेजारी हौशी बिअर बनवणाऱ्यांच्या स्पर्धांतून परीक्षक म्हणून बसणारे निघाले. त्यांनी माझ्यापुढे पेले मांडले आणि परीक्षकाचा कागदही मांडला. पिण्यापेक्षा त्या कागदातच मी अधिक गुंतलो, हे घरच्या मंडळींच्या माहितीसाठी येथे नमूद करतो.

प्रथम वस्तू काय ती पाहू. जव भिजवून, मोड आणून, वाळवून भाजले की त्याचे मॉल्ट होते. ते भरडून गरम पाण्यात मुरवले की गोड काढा उतरतो. तो हॉप्स नावाच्या वेलीच्या कडू फुलांबरोबर उकळायचा, निववायचा आणि यीस्ट घालून आंबवायचा. एल ही बिअरची जुनी जात. तिचे यीस्ट लागरच्या यीस्टपेक्षा उबदार हवेत काम करते. स्कॉटिश एलमध्ये मुख्य मान मॉल्टला. भाजलेल्या पावाची कड, बिस्किट, करपू न दिलेला साखरेचा पाक, अशा चवी पुढे येतात आणि हॉप्सचा कडवटपणा तंबोऱ्यासारखा मागे राहतो. रंग तांब्याचा किंवा तपकिरी, फेस बेताचा, बुडबुडे कमी.

तिची नावे मोठी गमतीची आहेत: साठ शिलिंग, सत्तर शिलिंग, ऐंशी शिलिंग. एकोणिसाव्या शतकात पिंपामागे जो घाऊक भाव, तेच बिअरचे नाव. जितकी जड तितकी महाग. पुढे भाव वाढले, महायुद्धांच्या काळात बिअर पातळ झाली, १९७१ साली इंग्लंडच्या नाण्यांतून शिलिंगच गेला. नाव मात्र राहिले. आपल्याकडे १९५७ साली दशमान नाणी आली म्हणून ‘सोळा आणे खरे’ म्हणणे कोणी सोडले आहे काय? या तिघींहून जड, मुरलेली, गडद अशी जी बिअर, तिला तिकडे ‘वी हेवी’ म्हणतात. ‘वी’ म्हणजे चिमुकली. लहान बाटलीतून मिळे म्हणून चिमुकली, आणि डोक्यात जाई म्हणून जड! साठ शिलिंगांच्या बिअरमध्ये मद्यार्क ३ टक्क्यांच्या आसपास असतो; वी हेवीत तो ६.५ पासून थेट १० टक्क्यांपर्यंत चढतो.

आता परीक्षकाचा कागद. अमेरिकेत १९८५ साली बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम नावाची संस्था निघाली. तिने बिअरच्या एकेका जातीचे लक्षण लिहून काढले आणि ५० गुणांचा तक्ता केला. वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते त्याला ५ आणि एकूण परिणामाला १०. रूपाला अवघे तीन गुण हे वाचून मला बरे वाटले. हल्ली आमच्या संगीत स्पर्धांतून कुर्त्याच्या भरतकामालाच निम्मे गुण जात असावेत अशी शंका येते.

परीक्षणाची रीत साधी आहे, पण शिस्तीची आहे. पेला निम्माच भरायचा. बिअर बर्फासारखी गार नको. तळघरातल्या गारव्याची, सुमारे ११ ते १३ अंश हवी. गारठ्याने वास मिटतो आणि दोषही झाकले जातात. ओतल्याबरोबर आधी वास घ्यायचा, कारण काही वास क्षणभरच राहतात. उकडलेल्या मक्याच्या कणसासारखा वास आला तर उकळणे अपुरे झाले असावे. हिरव्या सफरचंदाचा आला तर आंबणे पुरते झालेले नाही. ओल्या पुठ्ठ्याचा आला तर बिअरला हवा लागून ती शिळी झाली. लोण्याचा किंवा बटरस्कॉचच्या गोळीचा वास हा एरवी दोष. या जातीत त्याची पुसट छटा खपते, अंगावर आली की गुण जातात. मग रंग पाहायचा, मग घोट. घोट जिभेच्या सर्व बाजूंनी फिरवून गिळायचा, गिळल्यावर थांबायचे, आणि मागे काय उरते ते लिहायचे. बिअरचा परीक्षक वाइनवाल्याप्रमाणे थुंकत नाही. हॉप्सचा कडवटपणा घशाशीच नीट कळतो, असे त्यांचे म्हणणे. त्यामुळे तेथे संयम हाही परीक्षकाचा गुण ठरतो.

शेजाऱ्यांनी पहिला पेला दिला तो ट्रॅक्वेअर हाउस एलचा. ट्रॅक्वेअर हा एडिंबरोच्या दक्षिणेला इनरलीदन गावाजवळचा जुना वाडा. त्याचा इतिहास ११०७ सालापर्यंत मागे नेतात. त्याच्या देवडीवर दगडी अस्वले आहेत आणि ती देवडी १७४५ पासून बंद आहे. स्टुअर्ट राजा गादीवर परत येईल तेव्हाच ती उघडायची, असा तेथल्या धन्याने पण केला होता, असे सांगतात. राजा आला नाही, देवडी उघडली नाही. आपल्या वाचकांपैकी कित्येकांच्या वाड्यांतही असा एखादा दरवाजा असेल. त्याला अस्वले नसतील इतकेच.

या वाड्यातील बिअरचे कोठार पिढ्यान्‌पिढ्या अडगळीखाली पडून होते. वाड्याचे विसावे धनी पीटर मॅक्सवेल स्टुअर्ट यांनी १९६५ साली ते साफ करून जुन्याच भांड्यांत पुन्हा बिअर सुरू केली. ओकच्या लाकडी पिंपांत ती आंबवतात. मद्यार्क ७.२ टक्के. पेल्यात ती लालसर काळी दिसली. पहिल्या घोटात मनुका आणि गूळ, मग भाजलेल्या कडेचा किंचित कडूपणा, मग लाकूड. गोड आहे म्हणेपर्यंत ती कोरडी होऊन संपली. पेला हातात ऊब धरू लागला तसे वास एकामागून एक उलगडत गेले. विलंबित ख्यालात गवई घाई करत नाही, एकेक सूर पुढे आणतो, तसेच. मी ४२ गुण दिले. शेजाऱ्यांनी ४१. इतके एकमत आमच्या व्यवसायात दोन परीक्षकांचे झालेले मी तरी पाहिलेले नाही.

भांडण झाले ते दुसऱ्या पेल्यावरून. एका नव्या छोट्या कारखान्याची ती बिअर. नाव सांगण्याचे कारण नाही. बाटलीवर स्कॉटिश एल असे ठळक छापलेले, शेजारी डोंगर आणि हरीण. पेला नाकाशी नेला तो चुलीचा धूर! पीट म्हणजे दलदलीत शतकानुशतके साठून कुजलेल्या गवतापाल्याचे थर. ते वाळवून जाळतात. त्या धुरावर वाळवलेले मॉल्ट या बिअरमध्ये घातले होते. खरे सांगायचे तर ती मला आवडली. थंडीत शेकोटीजवळ बसल्यासारखे वाटले. शेजाऱ्यांनी मात्र २७ गुण लिहून पेन्सिल खाली ठेवली.

त्यांचे म्हणणे असे की, हा धूर व्हिस्कीचा. स्कॉटलंड म्हटले की व्हिस्की आणि व्हिस्की म्हटले की धूर, या हिशेबाने परदेशातल्या आणि आता इथल्याही हौशी लोकांनी तो बिअरमध्ये आणला. स्कॉटिश एलचा तो गुण नव्हे. जातीच्या लक्षणांत तर तो नको असे स्पष्ट लिहिले आहे. बनवणाऱ्याने दुसरे नाव घेतले असते तर याच पेल्याला मी जास्त गुण दिले असते, असेही ते म्हणाले.

मला भूप आणि देसकार आठवले. दोहोंचे पाच सूर तेच. भूपात वजन गांधारावर, देसकारात धैवतावर. एखादा विद्यार्थी भूप म्हणून बसला आणि धैवतावर रेंगाळला, तर कितीही गोड गायला तरी गुण कापावेच लागतात. गोडीबद्दल तक्रार नसते. त्याने जे नाव घेतले ते त्याने पाळले नाही. इंग्लंडची बिटर आणि स्कॉटलंडची एल यांतही सामान तेच: जव, हॉप्स, पाणी, यीस्ट. वजन कशावर, एवढाच फरक. तेव्हा गुण कापण्याच्या बाबतीत मी शेजाऱ्यांच्या बाजूचा आहे.

परंतु प्रश्न येथे संपत नाही. ती लक्षणे तरी कोठून आली? ग्रंथांतून वर्षानुवर्षे लिहिले जात होते की, स्कॉटलंडात हॉप्स उगवत नाहीत म्हणून तेथील लोक ती जपून वापरीत. ते काढा तासन्‌तास आटवीत म्हणून त्याला पाकाची चव येई. ऐकायला झकास. रॉन पॅटिन्सन नावाच्या गृहस्थाने जुन्या स्कॉटिश कारखान्यांच्या रोजच्या नोंदवह्या उघडून एकेक घाणा वाचला, तेव्हा यातले पुष्कळसे टिकले नाही. हॉप्स बाहेरून मागवली जात आणि हात न आखडता वापरली जात. एडिंबरोच्या विहिरींचे पाणी जड, फिकट कडू बिअरला अनुकूल. यंगर आणि मॅकइवान यांच्या पिंपांतून ती कडू बिअर जहाजाने थेट हिंदुस्थानात येत असे. आपल्याकडच्या गोऱ्या पलटणींनी जी कडू बिअर रिचवली तिच्यात एडिंबरोचाही वाटा होता. आटवण्याची कथाही तशीच. वह्यांतला वेळ चारचौघांसारखा, आणि गडद रंग पुष्कळदा वरून घातलेल्या कॅरॅमलचा. साठ, सत्तर आणि ऐंशी या तर एकाच घाण्याचे पातळ आणि दाट काढे कमीअधिक मिसळून केलेल्या बहिणी. गोडसर, कमी कडू अशी जी स्कॉटिश एल आज आपण ‘प्राचीन’ म्हणून पितो ती मुख्यतः विसाव्या शतकातली.

घराण्यांच्या कथा ऐकत वाढलेल्या माणसाला याचा धक्का बसत नाही. अमुक बुवांनी अमुक उस्तादांचे गाणे पडद्याआडून चोरून ऐकले, तमुक चीज रात्रीत घडली. या गोष्टी सांगाव्यात, पण त्यांवरून गाणे तोलू नये. आपल्याच ग्वाल्हेरीत १९१८ साली माधवराव महाराजांनी भातखंड्यांच्या देखरेखीखाली संगीत विद्यालय काढले, तेव्हाही हाच वाद होता. राग पुस्तकात लिहिला की तो गोठतो, आणि नाही लिहिला की ज्याच्या गळ्यात आहे त्याच्याबरोबर जातो. मी स्वतः शिकवून पोट भरतो ते लिहिलेल्या स्वरलिपीवरच, त्यामुळे माझा कल कुणीकडे ते सांगायला नको. मात्र पुस्तक चुकले तर ते दुरुस्त करायला गळाही जिवंत लागतो.

तो गळाच तिकडे बसत चालला आहे. एडिंबरोत शंभर वर्षांपूर्वी बिअरचे कारखाने पुष्कळ होते. यंगर आणि मॅकइवान १९३१ साली एकत्र आले, १९६० मध्ये न्यूकॅसलच्या मंडळींशी त्यांची जोड झाली, आणि २००८ साली सगळा पसारा हायनेकेन आणि कार्ल्सबर्ग यांनी वाटून घेतला. १८६९ साली स्थापन झालेला कॅलेडोनियन कारखाना थेट आचेवरच्या उघड्या तांब्याच्या भांड्यांत बिअर उकळीत असे, आणि त्याची ऐंशी शिलिंग ही परीक्षकांना मापाची काठी वाटे. तोही २०२२ साली बंद झाला. शेजाऱ्यांनी मला तो रस्ता मुद्दाम चालत दाखवला, आणि बोलले काहीच नाहीत.

म्हणून त्या धुराच्या पेल्याचे २७ गुण मला कडक वाटले नाहीत. तबकडीच्या काळात तीन मिनिटांत बसेल इतकाच राग गवई गात, आणि ज्यांनी मूळ मैफल ऐकलेली नव्हती त्यांना तीन मिनिटांचा रागच पुरा वाटू लागला. ऐंशी शिलिंगांची साधी, बिनधुराची, चारचौघांनी रोज संध्याकाळी प्यावी अशी बिअर पिठ्यांतून नाहीशी झाली, तर हरणाच्या चित्राखालचा धूर हीच स्कॉटलंडची खरी एल ठरेल, आणि मग जातीची लक्षणेही त्याप्रमाणे लिहिली जातील. हे टाळायचे तर आज त्या तक्त्यावर गुण कापणारा कोणी असला पाहिजे, आणि वह्या उघडून तक्ता तपासणाराही.

निघण्याच्या आदल्या दिवशी तिसरा पेला मिळाला. शेजाऱ्यांनी घरीच बनवलेली सत्तर शिलिंगांची एल, मद्यार्क साडेतीन टक्के. दिसायला चहासारखी. डोंगर नाही, हरीण नाही, धूर नाही. पावाची कड, थोडा पाक, शेवटी कोरडी. बुडबुडे माझ्या मते जरा जास्त होते, तेवढ्यापुरता एक गुण कापून मी ३६ दिले. ते बराच वेळ कागद पाहत राहिले आणि म्हणाले, बुडबुड्यांचे बरोबर आहे.