वीज गेली, पंप थांबला. पाइप का फुटला?

कापड-प्रक्रियेचे कारखाने चालविणाऱ्या बांधवांना हा अनुभव नवा नाही. वीज जाते, पंप थांबतो आणि पाण्याच्या लांब लाइनीत धाडकन आवाज होतो. सेकंदाला 1 मीटर वेगाचे पाणी पोलादी पाइपात एकाएकी अडले, तर सुमारे 100 मीटर उंच पाण्याइतका जादा दाब चढतो. रशियातील जुकोव्स्की यांनी मॉस्कोच्या नळांवर प्रयोग करून 1898 साली हा हिशेब मांडला.

उपाय म्हणजे पंपाच्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हपुढे बसवलेली बंद सर्ज टाकी. वर दाबाची हवा, खाली पाणी. पंप थांबताच हवा फुगून पाणी लाइनीत ढकलते. पाणी उलटे फिरले की तीच हवा गादीसारखी दबते.

टाकी किती मोठी हवी, हे इंजिनियर संगणकावर मॉडेल करून ठरवतात. त्यात हवेचे आकारमान, सुरुवातीचा दाब आणि जोडनळीचा अडथळा द्यावा लागतो. हवेचा घातांक बहुधा 1.2 धरतात. चूक होते ती दाबात. गेजचा आकडा तसाच न घालता त्यात वातावरणाचे सुमारे 10 मीटर मिळवावे लागतात. समजा, गेज 50 मीटर दाखवते आणि हवा दबून निम्मी झाली. गेजवर दाब सुमारे 128 मीटर चढेल, पण चुकीचा हिशेब 115 सांगेल. त्या भरवशावर घेतलेला पाइप धोक्यात आला.

म्हणून पैसे मोजण्यापूर्वी दोन गोष्टी विचारा : दाब वातावरणासह धरला आहे काय? वीज गेल्यावर टाकी पूर्ण रिकामी तर होत नाही ना? रिकामी झाली, तर हवा लाइनीत शिरेल आणि टाकीचा खर्च वाया जाईल.