तारीख आठवली नाही म्हणून साक्ष खोटी ठरते काय?

२०१४ सालची गोष्ट आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील एका गावात मामा तलावाच्या पाळीवर आपल्या समाजाच्या एका माणसाला जातीवाचक शिवीगाळ करून मारहाण झाली. अॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. गाव नेहमीप्रमाणे गप्प बसले. दोन साक्षीदार फितूर झाले. उरला एकच प्रत्यक्षदर्शी, फिर्यादीचा वीस वर्षांचा पुतण्या. मी फिर्यादीच्या बाजूने सरकारी वकिलांना साहाय्य करीत होतो.

या पोराने सगळे पाहिले होते. काठी कोणाच्या हातात होती, पहिला फटका कुठे बसला, कोण काय बोलले, आरोपीच्या मोटारसायकलचा नंबर काय, हे तो न अडखळता सांगायचा. दहा वेळा विचारले तरी दहाही वेळा तेच सांगायचा. पण ‘हे कधी घडले?’ म्हटले की गप्प. रोवणीच्या आधी की नंतर, काकाच्या पोरीच्या लग्नाच्या आधी की नंतर, काहीच जुळेना. कधी ‘काल’ म्हणायचा, कधी ‘लय दिवस झाले’ म्हणायचा. त्याची माय मला म्हणाली, ‘‘भाऊ, त्याले कधीचं आहे ते नाही समजत. पण तो खोटं नाही बोलत.’’ मी तिच्या बोलण्याचा पहिला अर्धा भागच ऐकला. दोन दिवस कोर्टाच्या व्हरांड्यात बसवून मी त्याच्याकडून फिर्यादीतली तारीख पाठ करून घेतली. तारीख तर खरीच आहे, मग यात गैर काय, अशी मी माझी समजूत घातली.

सरतपासात त्याने तारीख बरोबर सांगितली. उलटतपासात बचावाच्या वकिलांनी विचारले, ‘‘ही तारीख तुला कोणी सांगितली?’’ पोराने माझ्याकडे बोट दाखवले आणि म्हणाला, ‘‘वकील साहेबानं पाठ करून घेतली.’’ कोर्टात हशा पिकला. साक्षीदार पढवलेला आहे म्हणून त्याची साक्ष बाजूला ठेवली गेली. आरोपी सुटले. यात न्यायालयाला दोष देता येणार नाही. त्या दिवशी त्या खोलीत सर्वात प्रामाणिक माणूस तो पोरगा होता आणि त्याची साक्ष मी बुडवली होती.

पुढे चार वर्षांनी नागपूरला तपासणी झाली तेव्हा कळले, त्याला ऑटिझम आहे. मराठीत याला स्वमग्नता म्हणतात. तोवर गाव त्याला येडा म्हणत होते आणि शाळेने त्याला सातवीतच सोडून दिले होते.

ऑटिझम हा वेडेपणा नाही, बाहेरची बाधा नाही आणि गेल्या जन्मीचे पापही नाही. मेंदूची घडण जन्मापासून वेगळी असणे, एवढाच त्याचा अर्थ. लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ मध्ये अमेरिकेत अशा ११ मुलांवर निबंध लिहिला. यातील कित्येक मुलांचे पाठांतर थक्क करणारे होते, हेही त्यांनी तेव्हाच नोंदवले. आपली गफलत इथेच होते. ज्याला एस.टी.चे वेळापत्रक पाठ आहे, त्याला स्वतःच्या आयुष्यातली गोष्ट कधी घडली हे आठवत नाही, हे आपल्याला पटत नाही. आपण म्हणतो, मुद्दाम करतो, लबाड आहे.

पण स्मरण ही एकच गोष्ट नाही. एन्डेल टुल्विंग या मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्येच माहितीची स्मृती आणि स्वतः अनुभवलेल्या प्रसंगाची स्मृती असा भेद मांडला होता. बसगाडीचा नंबर ही माहिती झाली. त्या बसने मी कोणाबरोबर, कोणत्या हंगामात, कशाच्या आधी गेलो, हा प्रसंग झाला. ऑटिझम असलेल्या अनेकांची पहिली स्मृती शाबूत असते, कधी कधी तर आपल्यापेक्षा तल्लख असते. दुसरी मात्र अडखळते. विशेषतः प्रसंगांचा क्रम आणि काळ जुळवताना त्यांना त्रास होतो. आठवण असते, पण तिच्यावर तारखेचा शिक्का उमटलेला नसतो. सगळ्यांचेच असे होते असे नाही, माणसामाणसांत फरक आहे. मात्र आधार देऊन विचारले, प्रश्नातच खूण दिली, तर हीच माणसे पुष्कळदा बरोबर सांगू शकतात, असे डरमॉट बोलर या संशोधकाच्या अभ्यासातून पुढे आले आहे.

तारखेचा हा जाच आपल्या समाजाला नवा नाही. माझ्या वडिलांची जन्मतारीख १ जुलै आहे. आमच्या मोहल्ल्यातील निम्म्या म्हाताऱ्यांची जन्मतारीख १ जुलैच आहे, कारण नाव घालताना गुरुजींनी सोयीची म्हणून तीच लिहिली. ज्यांना हजारो वर्षे लिहू दिले नाही, त्यांच्या घरात तारीख कुठून असणार? तारीख ही लिहिता येणाऱ्यांची मालमत्ता होती. तरीही आपली माणसे काळ विसरली नाहीत. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी चांद्याला धम्मदीक्षा दिली. त्यानंतर सगळ्या चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या गडचिरोलीतही, ‘दीक्षेच्या आधी’ आणि ‘दीक्षेच्या नंतर’ अशी कालगणना घरोघर सुरू झाली. मोह वेचण्याच्या दिवसांत, तेंदूपत्त्याच्या वेळी, धान कापणीला, असे म्हणत आजीने नातवंडांच्या जन्माचा हिशेब ठेवला.

आजीजवळ तारीख नव्हती, पण क्रम होता. या पोराजवळ तारीख आहे, कॅलेंडर तो घडाघडा म्हणून दाखवतो, पण घडलेली गोष्ट त्या कॅलेंडरच्या चौकटीत बसत नाही. दोघांची अडचण वेगळी आहे, पण दोघांना मिळणारी वागणूक एकच. टेबलामागचा माणूस विचारतो ‘कधी?’, आणि उत्तर आले नाही की समोरच्याला अडाणी किंवा खोटारडा ठरवतो.

हा ‘कधी’ दवाखान्यातही उभा असतो. ऑटिझमचे निदान करताना आईला विचारतात, मूल कधी बसले, कधी बोलले, बोट दाखवून वस्तू कधी मागू लागले? जी माय बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत बांधीत उतरली, तिने हे कुठे टिपून ठेवायचे? आणि सिरोंच्याहून सुमारे दोनशे किलोमीटर तुडवत जिल्ह्याच्या गावी आलेल्या तेलुगू किंवा गोंडी बोलणाऱ्या बाईला हे प्रश्न मराठीत विचारले तर ती काय सांगणार? भारतीय मोजपट्टी २००९ मध्ये आली. तिच्यात ४० बाबी आहेत आणि ७० गुणांपासून ऑटिझम धरला जातो. पण कागदावर गुण पडायला आधी मूल तिथवर पोहोचावे लागते. आपल्या वस्तीतले मूल पोहोचत नाही, कारण ‘यांची पोरे अशीच असतात’ या एका वाक्यात शाळा त्याचा निकाल लावून मोकळी होते. जात इथे निदानाच्याही आड येते.

आता कायद्याचे पाहू. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात ऑटिझमचे नाव नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ज्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाला मान्यता दिली, त्यात ऑटिझम आहे. याच कायद्याचे कलम १२ सांगते की दिव्यांग व्यक्तीची साक्ष तिला सोयीच्या भाषेत व सोयीच्या पद्धतीने नोंदवता येईल अशी व्यवस्था सरकारने करावी. पोलीस ठाण्यात आणि कोर्टात हे कलम किती वेळा उच्चारले जाते, ते आपल्या वकील बंधूंनी आपापल्या मनाला विचारावे.

सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या पाटण जमाल वली खटल्यात अनुसूचित जातीच्या एका अंध स्त्रीची साक्ष ग्राह्य धरून बलात्काराची शिक्षा कायम केली. दिव्यांग साक्षीदार जगाशी वेगळ्या रीतीने व्यवहार करतो, एवढ्यावरून त्याची साक्ष कमी दर्जाची ठरत नाही, असे न्यायालयाने बजावले. त्याच निकालात अॅट्रॉसिटी कायद्याखालची शिक्षा मात्र टिकली नाही, हेही आपण विसरू नये. २०२२ मध्ये स्मृती तुकाराम बडदे विरुद्ध महाराष्ट्र शासन या प्रकरणात न्यायालयाने ‘असुरक्षित साक्षीदार’ या व्याख्येत दिव्यांगांना घेतले आणि त्यांच्यासाठी साक्षीची स्वतंत्र केंद्रे उभारण्याचे आदेश दिले.

आणि मला सर्वात जास्त बोचतो तो १९८३ चा भरवाडा भोगिनभाई निवाडा. साक्षीदाराकडून घटनाक्रमाचा आणि वेळेचा काटेकोर हिशेब अपेक्षू नये, कालाची जाणीव माणसागणिक वेगळी असते, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात स्पष्ट सांगितले आहे. २०१४ मध्ये हा निवाडा माझ्या कपाटात होता. मी त्या पोराला ‘मला तारीख आठवत नाही’ एवढे खरे बोलू दिले असते, तारीख फिर्यादीवरून आणि वैद्यकीय कागदांवरून शाबीत केली असती आणि हा निवाडा पुढे ठेवला असता, तर त्याची साक्ष टिकण्याची शक्यता होती. उणीव झाकायच्या नादात मी त्याचे खरेपण घालवले.

म्हणून कार्यकर्त्यांना आणि वकिलांना काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. पहिली, अशा साक्षीदाराला काहीही पाठ करायला लावू नका. दुसरी, ‘काय झाले ते सगळे सांग’ असा मोघम प्रश्न विचारू नका. इंग्लंडमधील बाथ विद्यापीठाच्या केटी मरास आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये एक पद्धत मांडली. साक्षीदाराने आधी घटनेचे आपल्याला दिसतील तसे तुकडे सांगायचे, मग एकेका तुकड्याबद्दल सविस्तर बोलायचे. ऑटिझम असलेले आणि नसलेले, दोघांनीही या पद्धतीने अधिक तपशीलवार आणि अधिक अचूक सांगितले. आपल्या पोलीस ठाण्यात हे करायला पैसा लागत नाही, थोडा धीर लागतो. तिसरी, काळ विचारायचा तर त्याच्या ओळखीच्या खुणेने विचारा. भीमजयंतीचा मंडप उभा होता काय? शाळा सुरू होती काय? अंगावर स्वेटर होते काय? मात्र उत्तर तोंडात घालू नका.

चौथी गोष्ट सर्वात महत्त्वाची. लिहून ठेवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १६२ प्रमाणे, घटनेच्या वेळी किंवा लगेच नंतर स्वतः लिहिलेली नोंद पाहून साक्षीदाराला आठवण ताजी करता येते. दुसऱ्याने लिहिलेली नोंद त्याने तेव्हाच वाचून बरोबर असल्याची खात्री केली असेल, तर तीही चालते. ही सोय जुन्या कायद्यातही होती. विरुद्ध पक्षाला ती नोंद पाहण्याचा हक्क आहे, म्हणून त्यात खरे तेच असावे. ज्या घरात असे मूल आहे, तिथे रोज रात्री दोन ओळी लिहिण्याची सवय लावा. लसीकरणाचे कार्ड, शाळेचा दाखला, दवाखान्याची चिठ्ठी एका पिशवीत ठेवा. विहारात रविवारी वंदनेला जमता, तेव्हा वस्तीतल्या चार सुशिक्षित पोरांनी ज्या मायबापांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी हे काम करावे. बाबासाहेबांनी हातात दिलेली लेखणी निवेदनापुरती नाही.

तो पोरगा आता तिशी ओलांडून गेला आहे. मागच्या वर्षी त्यांच्या गावी गेलो होतो. त्याच्याजवळ शंभर पानी वह्यांचा गठ्ठा आहे. रोज तो तारीख टाकून लिहितो: काय खाल्ले, कोण आले, तलावात पाणी किती. मला पाहून त्याने वही उघडली आणि लिहिले, ‘आज वकील साहेब आले.’ मग मान वर न करता म्हणाला, ‘‘तुम्ही मले तारीख पाठ करायला लावली होती.’’ मी विचारले, ‘‘कधी?’’ तो म्हणाला, ‘‘ते नाही आठवत. पण लावली होती.’’

माझ्याजवळ त्यावर उलटतपासाचा एकही प्रश्न नव्हता.