घामातील क्षार व एका जनुकाचा दोष

उन्हाळ्यात बालकास अतिशय ग्लानी यावी, त्याच्या फुप्फुसांत वारंवार जंतुसंसर्ग व्हावा आणि पुरेसा आहार मिळूनही त्याचे वजन वाढू नये, या तीन गोष्टींचा परस्परांशी संबंध असेल असे वरवर पाहता वाटत नाही. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक विकारात मात्र त्या एकाच कारणापासून उद्भवतात.

न्यूयॉर्क येथील डोरोथी अँडरसन यांनी १९३८ साली या विकाराचे सविस्तर वर्णन केले. शवविच्छेदनात स्वादुपिंडामध्ये पुटी व तंतुमय ऊतक आढळल्यावरून त्यास हे नाव मिळाले व साहजिकच तो स्वादुपिंडाचा रोग मानला गेला. परंतु १९४८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली असता तिचा त्रास या रुग्णांना विशेष झाल्याचे दिसून आले. त्याचा मागोवा घेऊन पॉल दि सांताग्नेसे यांनी १९५३ साली असे दाखविले की, त्यांच्या घामात सोडियम व क्लोराइड यांचे प्रमाण फार अधिक असते. घर्मग्रंथींच्या रचनेत तर काहीच दोष नव्हता. अर्थात मूळ दोष रचनेचा नसून कार्याचा असला पाहिजे, हे उघड झाले.

हा दोष कोणता, हे पॉल क्विंटन यांनी १९८३ साली स्पष्ट केले. घर्मग्रंथीच्या तळाशी तयार होणारा द्रव मूलतः खारट असतो. तो नलिकेतून वर येताना त्यातील क्षार शोषला जातो. या रुग्णांत नलिकेच्या पेशी क्लोराइडला वाट देत नाहीत. त्यामुळे सोडियमही मागे राहते. श्वासमार्गात व स्वादुपिंडात हाच मार्ग उलट दिशेने उपयोगी पडतो. तेथे क्लोराइड व बायकार्बोनेट बाहेर पडतात आणि त्यांच्यामागोमाग पाणी येते. मार्ग बंद असल्यास स्राव घट्ट होतो. स्वादुपिंडाच्या नलिका तुंबून पाचक रस आतड्यात पोहोचत नाहीत. स्निग्ध पदार्थ व अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे अंगी लागत नाहीत. फुप्फुसांतील चिकट श्लेष्मा सूक्ष्म पक्ष्माभिकांना हलविता येत नाही व त्यात जंतू ठाण मांडतात. बहुतेक पुरुष रुग्णांत शुक्रवाहिन्याच नसतात.

या मार्गाचे जनुक सातव्या गुणसूत्राच्या दीर्घ भुजेवर आहे. लॅप-ची त्सुई, जॉन रिओर्डन व फ्रान्सिस कॉलिन्स यांच्या गटांनी ते १९८९ साली शोधून काढले. त्यावरून बनणाऱ्या प्रथिनात १४८० अमिनो आम्ले असतात. सर्वांत अधिक आढळणाऱ्या उत्परिवर्तनात यांपैकी ५०८ वे, म्हणजे फेनिलअ‍ॅलनीन, तेवढे गळालेले असते. एवढ्यानेच प्रथिनाची घडी बिघडते व पेशीच्या पृष्ठभागी पोहोचण्यापूर्वीच बहुतेक प्रथिन नष्ट केले जाते.

विकार अप्रभावी असल्याने दोन्ही जनुके सदोष असल्यासच तो प्रकट होतो. आईवडील दोघेही वाहक असता प्रत्येक अपत्य रुग्ण असण्याची शक्यता १/४ असते. मात्र रुग्णाचे निरोगी भावंड वाहक असण्याची शक्यता २/३ असते, हे अनेकदा विसरले जाते. उत्तर युरोपीय वंशात सुमारे २५०० जन्मांमागे एक रुग्ण आढळतो. यावरून सदोष जनुकाचे प्रमाण १/५० व वाहकांचे प्रमाण सुमारे १/२५ येते. दुर्मिळ रोगाचे जनुकही दुर्मिळच असते असे नाही, हा यातील बोध होय.

मूळ दोष कळल्याने उपचारांची दिशाही पालटली. पृष्ठभागी पोहोचूनही न उघडणाऱ्या मार्गांसाठी आयव्हाकॅफ्टर हे औषध अमेरिकेत २०१२ साली मान्य झाले. प्रथिनाची घडी सुधारणारे तीन औषधांचे मिश्रण २०१९ मध्ये आले. जनुक त्यामुळे बदलत नाही. आणि ज्यांच्यात हे प्रथिन मुळीच बनत नाही, त्यांना या औषधांचा उपयोग नाही.

भारतात हा विकार जवळजवळ नाहीच, असा समज दीर्घकाळ होता. वारंवार होणारा खोकला व खुंटलेली वाढ यांवरून क्षय किंवा कुपोषण यांचे निदान होणे येथे सहज शक्य असते. शिवाय भारतीय रुग्णांत वरील उत्परिवर्तनाचे प्रमाण उत्तर युरोपीयांपेक्षा कमी आहे. म्हणून युरोपीय उत्परिवर्तनांच्या यादीवर आधारलेली जनुकीय तपासणी निर्दोष आली, तरी विकार नाही असे म्हणता येत नाही. घामातील क्लोराइड मोजण्याची साधी परीक्षा यास्तव आजही मोलाची आहे. ज्या खुणेने या विकाराचे मूळ उलगडले, तीच खूण बालकाचे योग्य निदान वेळेवर करून देऊ शकते.