पांढरीतून वेचलेला इतिहास

भूम म्हटले की कुंथलगिरीचे जैन क्षेत्र आणि खवा, एवढेच बाहेरच्या माणसाला आठवते. त्याच धाराशिव जिल्ह्यात तेरणेच्या काठी तेर आहे. तेथे जाणारे बहुतेक जण संत गोरोबाकाकांच्या समाधीचे दर्शन घेऊन परततात. गावातले कै. रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालय पाहण्यास फारच थोडे थांबतात. वास्तविक एका माणसाच्या आवडीने केवढे काम होऊ शकते, हे पाहण्यासाठी तरी तेथे थांबावे.

तेर म्हणजे प्राचीन 'तगर'. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे मोठे नगर म्हणून त्याचा उल्लेख येतो. येथले कापड गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असे. हे वैभव लयाला गेले आणि गावाभोवती पांढरीची टेकाडे उरली. पावसाने माती धुपली की त्यांतून मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, नाणी वर येत.

रामलिंगप्पा लामतुरे याच गावचे. त्यांनी हा ऐवज जमवला, सांभाळला. पुढे तो शासनाच्या संग्रहालयात आला. संग्राहकाची आवड त्याच्या शब्दांपेक्षा त्याने काय ठेवले यावरून अधिक कळते. येथे भव्य शिल्पांपेक्षा तळहातावर मावणाऱ्या वस्तूंचे राज्य आहे. पांढऱ्या चिकणमातीच्या, दुहेरी साच्यातून काढलेल्या पोकळ मूर्ती, त्यांच्या केशरचना आणि कर्णभूषणे, मणी, हस्तिदंती कामाचे नमुने. यांतले पुष्कळसे तुटलेले आहे. सौंदर्याचाच शोध घेणाऱ्याने ते फेकून दिले असते. कुंभार संताच्या गावात मातीविषयी एवढी आस्था असावी, हा योगायोग मला तरी मोठा गोड वाटतो.

ही वृत्ती महाराष्ट्राला अपरिचित नाही. पुण्याचे दिनकर केळकर 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत आणि चष्म्याचे दुकान चालवीत. अडकित्ते, दिवे, फण्या, दौती, पाय घासायच्या वज्र्या अशा घरगुती वस्तूंत त्यांनी कला पाहिली. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी संग्रहालय उभारले आणि 1975 मध्ये ते शासनाच्या स्वाधीन केले. मात्र केळकरांनी वस्तूंसाठी देशभर भ्रमंती केली. लामतुरे यांचे क्षेत्र म्हणजे त्यांचे गाव. त्यामुळे एरवी दलालांमार्फत दूरदेशी गेला असता असा ठेवा जिथला तिथेच राहिला. माझ्या मते त्यांचे खरे थोरपण यात आहे.

या आवडीला एक मर्यादाही आहे. उत्खननात वस्तू कोणत्या थरात, कशाच्या शेजारी मिळाली याची नोंद होते. पृष्ठभागावरून वेचलेल्या वस्तूला ती साक्ष नसते. तेरला पुढे शास्त्रशुद्ध उत्खननेही झाली. पण आधी वेचलेल्या वस्तूंचा थर त्यांतून परत मिळणे शक्य नव्हते.

संग्रहातील हस्तिदंती स्त्रीमूर्ती हे याचे उत्तम उदाहरण. अलंकारांनी मढलेल्या या छोट्या मूर्तीशी जवळचे नाते सांगणारी मूर्ती 1938 मध्ये इटलीतील पॉम्पेई येथे सापडली. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. प्रथम तिला लक्ष्मी म्हटले गेले. पुढे ती यक्षी असावी, असे मत मांडले गेले. भोकरदनच्या उत्खननातही याच धाटणीची हस्तिदंती मूर्ती मिळाली, तेव्हा असे कोरीव काम मराठवाड्यात होत असावे, या तर्काला बळ आले. इ. स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेने पॉम्पेई गाडले गेले, म्हणजे तिथली मूर्ती त्याआधीची, हे निश्चित. तेरच्या मूर्तीचा काळ मात्र तिच्या मातीवरून सांगता येत नाही. त्यासाठी अभ्यासकांना समुद्रापलीकडच्या त्या ज्वालामुखीचाच आधार घ्यावा लागतो.