सौर रेडिओ स्फोट

सूर्याच्या किरीटातून (वातावरणाच्या सर्वांत बाहेरील विरल व अतितप्त भागातून) अचानक होणारे रेडिओ तरंगांचे तीव्र उत्सर्जन. सौर ज्वाला (साठलेली चुंबकीय ऊर्जा एकाएकी मुक्त होऊन होणारी तेजोवृद्धी) आणि किरीटीय द्रव्य-उत्क्षेप (किरीटातील द्रव्य चुंबकीय क्षेत्रासह अवकाशात फेकले जाणे) या दोन्ही उद्रेकांशी त्यांचा निकट संबंध आहे. १९४२ मध्ये ब्रिटिश रडारांतील व्यत्ययाचे कारण शोधताना जे. एस. हे यांना असे उत्सर्जन प्रथम आढळले.

कारणमीमांसा : किरीट आयनद्रायूचा म्हणजे प्लाझ्माचा बनलेला आहे. वेगवान इलेक्ट्रॉन त्यातून जाताना आंदोलने निर्माण होतात व त्यांच्या ऊर्जेचा अल्प भाग रेडिओ तरंगांत रूपांतरित होतो. आंदोलनांची कंप्रता इलेक्ट्रॉनांच्या घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. दर घन सेंमी.मध्ये १० कोटी इलेक्ट्रॉन असल्यास ती सु. ९० मेगॅहर्ट्‌झ येते. उंचीबरोबर घनता घटते. म्हणून क्षोभ बाहेर सरकताना कंप्रताही उतरते. या उतारावरून व घनतेचे प्रतिमान गृहीत धरून क्षोभाचा वेग काढतात.

प्रकार : वाइल्ड व मॅक्रेडी यांनी १९५० मध्ये तीन प्रकार सांगितले, पुढे आणखी दोन जोडले गेले. पहिला प्रकार मुख्यतः सक्रिय डागसमूहांशी निगडित असून त्याला ज्वालेची आवश्यकता नसते. दुसऱ्या प्रकारात कंप्रता सावकाश उतरते. त्याचे कारण आघात तरंग होय. तिसऱ्यात ती काही सेकंदांतच उतरते. येथे प्रकाशवेगाच्या सु. एकतृतीयांश वेगाचे इलेक्ट्रॉन-झोत कारणीभूत असतात. चौथ्या प्रकाराचे दीर्घकालीन उत्सर्जन चुंबकीय वेटोळ्यांत अडकलेल्या इलेक्ट्रॉनांपासून होते. पाचवा तिसऱ्यापाठोपाठ येतो. काही स्फोटांत कंप्रता उतरून पुन्हा चढते. वेटोळ्यातून वर जाऊन खाली येणाऱ्या इलेक्ट्रॉनांचे हे निदर्शक मॅक्सवेल व गोविंद स्वरूप यांनी १९५८ मध्ये वर्णिले.

महाराष्ट्रातील निरीक्षणे : स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६५ मध्ये कल्याण येथे १.८ मी. व्यासाच्या ३२ थाळ्यांची दुर्बिण उभारली. ६१० मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेवरील तिच्या निरीक्षणांतून शांत सूर्याच्या किरीटाचे तापमान सु. १० लाख केल्व्हिन आढळले. नारायणगावजवळील खोडद येथील ४५ मी. व्यासाच्या ३० थाळ्यांच्या महाकाय दुर्बिणीनेही सूर्याचे वेध घेतले आहेत.

महत्त्व : रेडिओ तरंग पृथ्वीवर सु. ८ मिनिटांत पोहोचतात. उत्क्षेपित द्रव्यास सामान्यतः १ ते ३ दिवस लागतात. त्यामुळे दुसऱ्या प्रकारचा स्फोट ही चुंबकीय वादळाची पूर्वसूचना ठरू शकते. मात्र प्रत्येक उत्क्षेपातून आघात तरंग उद्‌भवत नाही. तेव्हा स्फोट न आढळणे ही सुरक्षिततेची हमी नव्हे. खुद्द स्फोटही उपद्रवकारक असतो. २३ मे १९६७ रोजी अमेरिकेची क्षेपणास्त्रसूचक रडारे त्यामुळे निकामी झाली व हे शत्रूचे कृत्य असावे असा संशय प्रथम आला; सौर निरीक्षणांमुळेच तो दूर झाला. ६ डिसेंबर २००६ च्या स्फोटाने उपग्रहाधारित स्थाननिश्चितीत व्यत्यय आणला.