विश्लेषण : ऑटोमॅटिक गाडीत कोणते ऑइल भरायचे, हे कोण ठरवते? बाहेर बदलले तर वॉरंटी जाते का?

एमएच-२२ पासिंगच्या ऑटोमॅटिक गाड्या आता परभणी शहरातच नव्हे, तर सेलू, जिंतूर, गंगाखेडच्या रस्त्यांवरही दिसतात. गिअर ऑइल बदलायची वेळ आली की मालकाला दोन टोकाची उत्तरे मिळतात. गॅरेजवाला म्हणतो, ‘हे सगळ्या ऑटोमॅटिकला चालते.’ सर्व्हिस सेंटरमध्ये ऐकवले जाते, ‘बाहेर हात लावला तर वॉरंटी गेली.’ यातले पहिले उत्तर धोक्याचे आहे आणि दुसरे अर्धेच खरे. चूक झाली तर ऑइलच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च गिअरबॉक्सवर होतो.

‘ऑटोमॅटिक’ म्हणजे नेमके काय?

भारतात या एकाच नावाखाली वेगवेगळे गिअरबॉक्स विकले जातात. एएमटी हा मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो. क्लच आणि गिअरचे काम फक्त यंत्र करते. मारुतीने २०१४ मध्ये सेलेरिओत हीच पद्धत ‘एजीएस’ नावाने आणली. अशा गाडीच्या गिअरबॉक्सला मॅन्युअलसारखेच गिअर ऑइल लागते. टॉर्क कन्व्हर्टर गिअरबॉक्सला एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड लागते. सीव्हीटीचे फ्लुइड याहून वेगळे असते.

गाडीच्या नावावरूनही अंदाज बांधता येत नाही. २०१५ ची बलेनो ऑटोमॅटिक सीव्हीटी होती, २०२२ पासूनची एजीएस आहे. ब्रेझाला आधी डिझेलमध्ये एजीएस होता, २०२० मध्ये पेट्रोलला टॉर्क कन्व्हर्टर आला. त्यामुळे जुनी गाडी घेणाऱ्याने आधी गिअरबॉक्सचा प्रकार विचारावा. परदेशी व्हिडिओ पाहून ऑइल ठरवणेही चुकीचे. त्याच नावाच्या गाडीला दुसऱ्या देशात दुसराच गिअरबॉक्स असू शकतो.

चुकीच्या ऑइलने काय बिघडते?

एटीएफ फक्त वंगण नाही. ते दाब पोहोचवते, उष्णता वाहून नेते आणि आतल्या क्लचचे घर्षण किती असावे, हेही सांभाळते. सीव्हीटीत पोलादी पट्टा आणि पुली यांच्यात घट्ट पकड लागते. तिथे साधे एटीएफ पडले तर पट्टा घसरून पुलीवर ओरखडे पडू शकतात. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये घर्षणाचे गणित चुकले की गाडी थरथरते किंवा गिअर झटक्याने पडतो. बिघाड लगेच दिसेलच असे नाही, म्हणून दोष ऑइलचा होता हे नंतर सिद्ध करणे अवघड जाते.

परभणीच्या उन्हासाठी जाड ऑइल लागते का?

नाही. परभणीत उन्हाळ्यात पारा ४४ अंशांवर जातो आणि हिवाळ्यात कधी ५ अंशांखाली येतो. दोन्ही ऋतूंत मॅन्युअलमध्ये सांगितलेलेच ऑइल चालते. उन्हामुळे बदलतो तो कालावधी. तेलाचे तापमान दर १० अंशांनी वाढले की ते खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. म्हणून अनेक मॅन्युअलमध्ये ‘कठीण परिस्थिती’चे वेगळे वेळापत्रक असते. कडक ऊन, धूळ, जड ओझे असा वापर असेल तर ते पाहावे.

सरकारचा नियम काय?

कोणत्या गाडीत कोणते एटीएफ भरावे, हे कायदा सांगत नाही. ते उत्पादक ठरवतो आणि भारतातील गाडीसोबतच्या मॅन्युअलमध्ये लिहितो. डब्यावर ‘अमुक मानकासाठी योग्य’ असे छापलेले असेल तर तो तेल कंपनीचा दावा असतो. ‘मान्यताप्राप्त’ म्हणजे गाडी कंपनीने दिलेली मंजुरी. हा फरक डबा फोडण्याआधी पाहावा.

मग वॉरंटीचे काय?

भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. बाहेरच्या गॅरेजात काम केले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, असेही त्या आदेशात बजावले. सदोष कामामुळे जे नुकसान झाले, तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल, अशी मुभा मात्र ठेवली. आदेशाविरुद्ध कंपन्या अपिलात गेल्या आणि काहींच्या दंडाची रक्कम बदलली.

याचा सरळ अर्थ असा की बाहेर योग्य ऑइल भरले, तर मालकाची बाजू भक्कम राहते. भलतेच ऑइल भरले आणि गिअरबॉक्स त्यामुळे गेला, तर नाही.

तक्रार कुठे करायची?

सर्व्हिस सेंटर नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरला असले तरी तिकडे खेटे घालण्याची गरज नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ग्राहक राहत्या जिल्ह्यातील आयोगात, म्हणजे परभणीतच, दाद मागू शकतो. मुदत साधारण दोन वर्षांची असते. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

ऑइल बदलताना हे पाहा

• मॅन्युअलमधील मानकाचे पूर्ण नाव मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.
• सीलबंद डबा समोर फोडायला सांगा. सुटे ऑइल घेऊ नका.
• बिलावर ऑइलचे मानक, प्रमाण, किलोमीटर आणि तारीख लिहून घ्या.
• रिकाम्या डब्याच्या लेबलचा आणि बॅच क्रमांकाचा फोटो ठेवा.
• काढलेले ऑइल नालीत जाणार नाही, याची गॅरेजवाल्याकडून खात्री करून घ्या. वापरलेल्या तेलावर घातक कचऱ्याचे नियम लागू आहेत.