किरणोत्सारी औषध घेतलेला रुग्ण घरी आल्यावर

"मुंबईला गळ्यासाठी अणूचं औषध दिलंय, लेकरांजवळ जाऊ द्यावं का, डॉक्टरसाहेब?" हा प्रश्न पूर्णेतही मला अधूनमधून विचारला जातो. काही घरांत रुग्णाचे ताट-अंथरूण महिनोन्‌महिने वेगळे ठेवतात, तर काही घरांत पहिल्याच दिवशी नातू मांडीवर असतो. दोन्ही चूक. हे औषध बनते कसे, ते कळले की याचे कारणही कळते.

गळ्यातील थायरॉईड ग्रंथी रक्तातले आयोडीन ओढून घेते. या तिच्या स्वभावाचाच शास्त्रज्ञांनी उपयोग करून घेतला. ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात टेल्युरियमचे संयुग अणुभट्टीत ठेवतात. न्यूट्रॉनच्या माऱ्याने त्यातून आयोडीन-१३१ तयार होते. ते वेगळे करण्याचे काम शिशाच्या जाड भिंतीआड, यांत्रिक हातांनी चालते. काम करणाऱ्याच्या छातीवर एक बिल्ला असतो. त्याच्या अंगावर किती किरण पडले, ते त्यावरून मोजतात. १८९८ मध्ये रेडियम शोधणाऱ्या मेरी क्यूरी यांच्याजवळ असा बिल्ला नव्हता.

हे औषध साठवून ठेवता येत नाही. दर ८ दिवसांनी त्याचा जोर निम्मा होतो. १६ दिवसांनी पाव, २४ दिवसांनी दोन आणे. म्हणून पाठवताना मात्रेबरोबर तारीख आणि वेळही लिहावी लागते. रुग्णाच्या शरीरात तर ते याहून लवकर कमी होते, कारण बराचसा भाग पहिल्या काही दिवसांतच लघवीवाटे निघून जातो.

मुंबईत परळ येथे १९६३ पासून भाभा केंद्राचे विकिरण औषधी केंद्र आहे. थायरॉईडचा जोर वाढलेल्यांना थोडी मात्रा देतात. कर्करोगात मात्रा मोठी, म्हणून काही दिवस स्वतंत्र खोलीत ठेवतात. ग्रंथीतील पेशी मारणारे बीटा किरण एक-दोन मिलिमीटरच जातात, त्यामुळे आजूबाजूचे अवयव बहुतांशी वाचतात. गॅमा किरण मात्र शरीराबाहेर येतात. काळजी घ्यायची ती यांच्यासाठी.

घरी आल्यावर रुग्णालयाने सांगितले तितके दिवस वेगळे झोपावे, लहान मुले व गर्भवती यांच्यापासून दूर राहावे. पाणी भरपूर प्यावे. लघवी बसून करावी आणि नंतर दोनदा पाणी टाकावे. कपडे वेगळे धुवावेत. ती मुदत संपली की नातवाला खुशाल मांडीवर घ्या! गर्भवतीला हे औषध देतच नाहीत. अंगावर पाजणाऱ्या आईने बाळाचे दूध आधीच तोडावे लागते. म्हणून पाळी चुकली असेल तर लाजू नये, आधी सांगावे. पुढे निदान सहा महिने दिवस राहू देऊ नयेत.

यंत्राने बाहेरून दिला जाणारा 'शेक' वेगळा. त्यानंतर रुग्णाच्या अंगात किरणोत्सार मुळीच उरत नाही. अशा माणसाला एक दिवसही दूर बसवण्याचे कारण नाही, तरी बसवतात.

उपचारानंतर ग्रंथीचे काम मंदावते, हे अनेकांना कोणी नीट सांगितलेले नसते. मग थायरॉक्सिनची गोळी रोज उपाशीपोटी, बहुधा कायमची घ्यावी लागते. बरे वाटते म्हणून ती बंद करू नये.

आणखी एक. मुंबईहून पूर्णेला रात्रभराचा रेल्वेप्रवास. गर्दीच्या डब्यात शेजारी लेकुरवाळी बाई बसली तर? तेव्हा निघण्याचा दिवस रुग्णालयाला विचारूनच ठरवावा आणि औषधाचे नाव, मात्रा, तारीख लिहिलेला कागद जवळ ठेवावा.